डोंगरातलं पाण्याकाठचं गाव : लिंबागणेश ते बीड, एका दिवसाची क्षेत्रभेट



'माझी अविस्मरणीय सहल' हा निबंध आपण दरवर्षी मुलांना लिहायला देतो. वह्या तपासायला घेतल्या की बहुतेक वह्यांत महाबळेश्वर निघतं. वेण्णा तलाव, नौकाविहार, स्ट्रॉबेरी, भाजलेलं कणीस आणि शेवटी 'ही सहल मी कधीच विसरणार नाही'. त्यातल्या कितीतरी मुलांनी महाबळेश्वर पाहिलेलं नसतं. निबंधाच्या पुस्तकातलं पाठ करून लिहिलेलं असतं. यात मुलांना बोल लावून उपयोग नाही. डोंगर, तळं आणि इतिहास असलेलं गाव हे नेहमी दूर असतं आणि तिथे जायला पैसे लागतात, हे ती आपल्याकडूनच शिकली आहेत.

म्हणून या पाठात आपण जवळचाच रस्ता धरणार आहोत. लिंबागणेशहून निघायचं, मांजरसुंब्याचा घाट उतरायचा आणि बीडला पोहोचायचं. अंतर साधारण तीस किलोमीटर. या एका रस्त्यावर पुष्करणी, धबधबा, तलाव, भुयारी पाण्याची विहीर आणि पाण्यात उभं असलेलं मंदिर अशी पाण्याची पाच रूपं बघायला मिळतात. पाचवी ते आठवीच्या मुलांसाठी भूगोल, इतिहास, गणित आणि मराठी या चारही विषयांचा अभ्यास या एका दिवसात होतो.

आधी आपण समजून घेऊ : आपण डोंगरावर राहतो

लिंबागणेशच्या मुलाला विचारा, 'तू डोंगरात राहतोस का?' तो नाही म्हणेल. कारण त्याच्या डोळ्यासमोर सपाट माळ आणि शेतं असतात. पण तो बालाघाटच्या पठारावर राहतो. बालाघाटची डोंगररांग समुद्रसपाटीपासून साधारण ५५० ते ८२५ मीटर उंच आहे. वरून सपाट असल्यामुळे तिची उंची राहणाऱ्याला जाणवत नाही. ती जाणवते घाट उतरताना, कानात दडे बसतात तेव्हा.

हा डोंगर पाणी वाटण्याचं काम करतो. घाटमाथ्याच्या उत्तरेला पडलेला पाऊस बिंदुसरेतून सिंदफणेला आणि तिथून गोदावरीला जातो. दक्षिणेकडचं पाणी मांजरेत जातं. मांजरा आपल्याच पाटोदा तालुक्यात गवळवाडीजवळ उगम पावते, लातूरकडे जाते आणि खूप मोठा वळसा घेऊन शेवटी गोदावरीलाच मिळते. आष्टीकडचं पाणी सीनेतून भीमेला आणि भीमेतून कृष्णेला जातं. म्हणजे एकाच डोंगरावरचा पाऊस गोदावरीतही जातो आणि कृष्णेतही.

आता पावसाचा हिशोब बघा. महाबळेश्वरला वर्षाला साडेपाच ते सहा हजार मिलिमीटर पाऊस पडतो. आपल्या जिल्ह्याची सरासरी साडेसहाशे ते सातशे मिलिमीटर. हे आकडे नुसते सांगितले तर मुलं विसरतात. त्याऐवजी कागदाच्या पट्ट्या कापायला लावा. १ सेंटिमीटर म्हणजे १०० मिलिमीटर पाऊस. आपली पट्टी साडेसहा-सात सेंटिमीटरची, बोटाएवढी. महाबळेश्वरची पट्टी साठ सेंटिमीटरच्या आसपास, बाकावरून खाली लोंबणारी. दोन्ही पट्ट्या फळ्याशेजारी चिकटवा आणि वर्षभर तिथेच राहू द्या.

डोंगरात पाण्याकाठीच गाव का वसतं?

महाबळेश्वरचा वेण्णा तलाव निसर्गानं केलेला नाही. तो साताऱ्याच्या छत्रपती आप्पासाहेब महाराजांच्या काळात, १८४२ साली बांधला. एवढा पाऊस पडणाऱ्या गावालाही तळं बांधावं लागलं, कारण डोंगरावर पाणी थांबत नाही, उतारानं निघून जातं.

दुसरं उदाहरण राजस्थानातल्या उदयपूरचं. अरवलीच्या डोंगरांत पिछोला तलावाकाठी महाराणा उदयसिंहानं सोळाव्या शतकात हे शहर वसवलं. आज जगभरातले लोक ते बघायला येतात. पण तलाव शहरापेक्षा जुना आहे. चौदाव्या शतकात धान्याची वाहतूक करणाऱ्या एका बंजाऱ्यानं तो बांधला, असं तिथे सांगतात. बैलांच्या पाठीवर धान्य आणि मीठ लादून डोंगर ओलांडायचा तर मुक्कामाला पाणी लागणारच. हे उदाहरण वर्गात जरूर सांगा. आपल्या वर्गांत तांड्यावरून येणारी मुलं आहेत. आपल्या पूर्वजांना वाटा आणि पाणवठे किती नीट माहीत असत, हे त्यांना सगळ्या वर्गासमोर ऐकायला मिळालं पाहिजे.

इतकी तयारी झाली की मुलांना एकच प्रश्न द्या आणि तो दिवसभर सोबत ठेवायला सांगा : *इथे पाणी कुठून येतं, कोणी थांबवलं आणि कोणाला मिळतं?*

कधी जायचं आणि कोणी जायचं?

आपल्याकडे शाळेच्या सहली बहुधा डिसेंबर-जानेवारीत निघतात. या भेटीसाठी ते दिवस धरू नका. दसरा-दिवाळीच्या पुढे-मागे गावात ट्रक आणि ट्रॅक्टर येतात, ऊसतोडीच्या टोळ्या भरून पश्चिम महाराष्ट्रात आणि कर्नाटकात जातात. काही मुलं आईवडिलांसोबत फडावर जातात. काही आजी-आजोबांजवळ किंवा हंगामी वसतिगृहात राहतात. डिसेंबरात सहल काढली तर वर्गातली ही मुलं आपोआप बाहेर राहतात. नंतर निबंध मात्र आपण त्यांनाही तोच देतो.

म्हणून सप्टेंबरचा शेवट किंवा ऑक्टोबरचा पहिला आठवडा ठरवा. पाऊस ओसरलेला असतो, तलावात पाणी असतं आणि वर्गही पूर्ण असतो.

दुसरी गोष्ट पैशांची. कोण येणार याची यादी आपण नेहमी करतो. या वेळी कोण येणार नाही याची यादी आधी करा आणि प्रत्येक नावापुढे कारण लिहा. बहुतेक नावांपुढे भाड्याचे पैसे हेच कारण येईल. एसटी महामंडळ शैक्षणिक सहलींसाठी सवलतीच्या दरात बस देतं, आगारात लवकर चौकशी करा. जेवण घरची भाकरी-चटणी. उरलेला खर्च शाळा व्यवस्थापन समितीसमोर ठेवा. कोणत्या मुलाचे पैसे कोणी भरले हे वर्गात कळता कामा नये. पूर्ण वर्ग नेता येत नसेल तर थांबे कमी करा, मुलं कमी करू नका. फक्त लिंबागणेश आणि बिंदुसरा एवढंच पाहिलं तरी पाठ पुरा होतो.

पूर्वतयारीचा तास

वहीच्या पानावर तीन रकाने आखून घ्या : दिसलं, मोजलं, सांगितलं.

'दिसलं' मध्ये स्वतःच्या डोळ्यांनी पाहिलेलं. 'मोजलं' मध्ये पट्टी, दोरी, पावलं किंवा घड्याळ वापरून काढलेला आकडा. 'सांगितलं' मध्ये कोणी तोंडी सांगितलेली गोष्ट आणि ती कोणी सांगितली ते : पुजारी, शेतकरी, आजी, गुराखी. आपल्याकडे कथा आणि इतिहास यांची सरमिसळ फार होते. मुलांना 'ही गोष्ट खोटी' असं सांगायची गरज नाही. ती कोणत्या रकान्यात जाते एवढं ओळखता आलं की पुरे.

साहित्य : पट्टी, खडे बांधलेली सुतळी (दर मीटरला गाठ), पेन्सिल, पिण्याचं पाणी, प्रथमोपचार पेटी. पालकांची लेखी संमती आणि मुख्याध्यापकांची परवानगी आधी घ्या. दर दहा मुलांमागे एक मोठं माणूस ठेवा.

थांबा पहिला : लिंबागणेश, चंद्रपुष्करणी

सुरुवात गावातूनच करा. भालचंद्र गणपतीचं मंदिर मुलांनी शंभरदा पाहिलेलं असतं, पण वही घेऊन पाहिलेलं नसतं. चंद्र गणपतीला हसला, त्याला शाप मिळाला, त्यानं तप केलं आणि गणपतीनं त्याला कपाळावर धारण केलं, ही कथा सगळ्यांना माहीत आहे. चंद्राचं ते तप इथे झालं असं गावात सांगतात. ही झाली 'सांगितलं' मधली नोंद. त्यातच शब्दांचा अभ्यास घ्या. भाल म्हणजे कपाळ, म्हणून भालचंद्र. पुष्कर म्हणजे कमळ, म्हणून कमळांचं तळं ते पुष्करणी.

मग पुष्करणीकडे वळा. पायऱ्या मोजा. एका पायरीची उंची पट्टीनं मोजा. गुणाकार करा, काठापासून पाण्यापर्यंतची खोली निघाली. हे गणित पाचवीच्या मुलालाही जमतं. आता विचारा : पाणी काढायचंच होतं तर आड का खोदला नाही, पायऱ्या कशासाठी? उत्तर मुलंच शोधतील. पाणी खाली गेलं तरी माणूस पायऱ्यांनी त्याच्यापर्यंत पोहोचू शकतो. पायऱ्या बांधणाऱ्यांना पाणी खाली जाणार हे माहीत होतं.

थांबा दुसरा : मांजरसुंब्याचा घाटमाथा

इथे रहदारी मोठी आहे, त्यामुळे सुरक्षित जागा बघूनच गाडी थांबवा आणि कोणालाही रस्ता ओलांडू देऊ नका. मुलांना उत्तर-दक्षिण दिशा दाखवा. बाटलीतलं थोडं पाणी उंचवट्यावर ओता. ते दोन बाजूंना पळतं. एक बाजू बिंदुसरेची, दुसरी मांजरेची. जलविभाजक हा शब्द इथेच सांगा, पुस्तकातल्या व्याख्येपेक्षा लवकर कळतो.

मोठ्या मुलांना २०१६ ची गोष्ट सांगा. धनेगावचं मांजरा धरण कोरडं पडलं आणि लातूर शहराला मिरजेहून रेल्वेनं पाणी आणावं लागलं. ती रेल्वे देशभर गाजली. जी नदी आटल्यामुळे ती गाडी धावली, तिचा उगम आपल्या डोंगरात आहे. आपल्या शिवारात पाणी मुरलं की वाहून गेलं, याचा संबंध कितीतरी दूरच्या नळाशी असतो.

थांबा तिसरा : कपिलधार

मांजरसुंब्याजवळून कपिलधारला वाट जाते. इथे धबधबा आहे आणि 'परमरहस्य' हा मराठी ग्रंथ लिहिणारे वीरशैव संत मन्मथ स्वामी यांची समाधी आहे. कार्तिक पौर्णिमेच्या यात्रेला मराठवाड्यातून आणि शेजारच्या राज्यांतूनही भाविक पायी येतात.

मुलांना धबधब्याच्या बाजूचा खडक पाहायला लावा. काळ्या दगडाचे थर एकावर एक दिसतात. आपला सगळा डोंगर लाव्हारसाच्या अशा थरांनी बनलेला आहे. कठीण थरातून पाणी मुरत नाही, भेगा आणि ठिसूळ थर मिळाले की ते आत शिरतं. म्हणूनच आपल्याकडे एका शेतातल्या बोअरला पाणी लागतं आणि शेजारच्याची बोअर कोरडी जाते. ज्या घरानं हे सोसलंय त्या घरातलं मूल इथे फार लक्ष देऊन ऐकतं. धबधब्याखाली मात्र कोणालाही जाऊ देऊ नका. शेवाळलेल्या दगडावर पाय सहज घसरतो.

थांबा चौथा : पालीजवळचा बिंदुसरा तलाव

घाट उतरला की डोंगराच्या कुशीत पाणी दिसतं. बस थांबली की पहिली पाच मिनिटं काही बोलू नका, मुलांना बघू द्या. निबंधातला 'निळाशार जलाशय' त्यांना इथे भेटतो.

मग विचारा, 'हे तळं कोणी केलं?' बरीच मुलं 'देवानं' म्हणतील. भिंत दाखवा. तीन बाजूंनी डोंगर आहे, चौथी बाजू माणसानं बांधली. सांडवा दाखवा. तलाव भरला की जादा पाणी त्यावरून पडतं आणि बीडची माणसं ते बघायला गर्दी करतात. पाणी सांडताना बघायला गर्दी होते, कारण ते दरवर्षी सांडत नाही.

नंतर नकाशा काढून घ्या. हे पाणी बीड शहराला मिळतं. उरलेलं बिंदुसरेतून सिंदफणेला जातं. सिंदफणेवर पुढे माजलगावचं धरण आहे. त्या धरणातलं पाणी पाईपलाईननं पुन्हा बीडला येतं. बाणांनी हा फेरा दाखवला की मुलं आपणहून विचारतात, 'सर, मग पाणी परत आणायला वीज लागत असेल ना?' लागते. डोंगरावरून येताना ते उतारानं आलं होतं, परत येताना पंपानं चढतं.

थांबा पाचवा : खजाना विहीर

बीडच्या अलीकडे खजाना विहीर आहे. निजामशाहीच्या काळात, सोळाव्या शतकात सरदार सलाबतखानाच्या कारकिर्दीत ती बांधली गेली. बांधणारा स्थापत्यकार म्हणून राजा भास्कर याचं नाव सांगितलं जातं. दोन्ही नावं मुलांना एकत्रच सांगा.

या विहिरीला जमिनीखालून जाणारे भुयारी मार्ग आहेत. विहिरीतलं पाणी नुसत्या उतारानं शेतांपर्यंत जायचं आणि शेकडो एकर जमीन भिजायची. मोट नाही, पंप नाही. जमिनीचा उतार इतका नीट मोजलेला होता. कडक दुष्काळातही या विहिरीत पाणी राहतं, ही तिची ख्याती. बिंदुसरेच्या परिसरात जमिनीखालून झिरपणारं पाणी तिला मिळत राहतं.

इथली कृती : 'विहिरीला खजाना का म्हटलं असेल?' प्रत्येकानं दोन ओळी लिहायच्या. कोणी सोन्याच्या हंड्यांची गोष्ट लिहील, कोणी पाणी हाच खजिना म्हणेल. दोन्ही चालेल. कठड्यापासून मात्र मुलांना लांब ठेवा, खोलीचा अंदाज लांबूनच घ्यायचा.

थांबा सहावा : कंकालेश्वर

बीड शहरातलं कंकालेश्वर मंदिर साधारण हजार वर्षांपूर्वीच्या, चालुक्य-यादव काळातल्या शैलीचं आहे आणि ते पाण्याच्या कुंडात उभं आहे. इथे मुलांना चित्र काढायला वीस मिनिटं द्या. मंदिर काढून झालं की पाण्यातलं प्रतिबिंबही काढायला सांगा. बारकाईनं बघण्याची सवय त्यातून लागते. पाणी आटलेलं असेल तर आटलेलं काढायचं. जे दिसतं तेच काढायचं.

परत आल्यावर

दुसऱ्या दिवशी लगेच निबंध नको. आधी तीन रकाने वाचून घ्या. एकाच ठिकाणाबद्दल दोन मुलांनी वेगळे आकडे लिहिले असतील तर दोघांनी मोजलं कसं ते विचारा. मग प्रत्येकानं घरातल्या सर्वांत म्हाताऱ्या माणसाला तीन प्रश्न विचारून यायचं :

१. तुमच्या लहानपणी पिण्याचं पाणी कुठून आणायचे?
२. बहात्तरच्या दुष्काळात तुम्ही कोणत्या कामावर होता?
३. आता नसलेला एखादा पाणवठा सांगा.

दुसऱ्या प्रश्नाची उत्तरं वर्गात मोठ्यानं वाचा. रस्ते, पाझर तलाव, बंधारे अशी कितीतरी कामं त्या दुष्काळात हजारो हातांनी झाली. ज्या तलावावर आपण पोहतो त्याची माती आपल्या आजीनं वाहिलेली असू शकते, हे मुलाला पहिल्यांदाच कळतं. इतिहास राजांचाच असतो, हा समजही तिथे सैल होतो.

यानंतर निबंध. शीर्षक मुलांनी ठरवायचं. अट एकच : प्रत्येक रकान्यातली किमान दोन वाक्यं यायला हवीत. मूल्यमापन करताना अलंकारिक शब्दांना गुण देऊ नका. स्वतः मोजलेला आकडा, स्वतः विचारलेला प्रश्न आणि ऐकलेलं वाक्य जसंच्या तसं लिहिणं, यांना गुण द्या. मुलानं 'आजी म्हनली, हिरीला पानी व्हतं पन शेंदायला दोर नव्हता' असं लिहिलं तर ते खोडू नका. ते अवतरण चिन्हांत कसं लिहायचं, तेवढं शिकवा.

दुसरी फेरी : उन्हाळ्यात

जमलं तर एप्रिलच्या शेवटी फक्त पुष्करणी आणि बिंदुसरा पुन्हा बघून या. त्याच पायऱ्या मोजा, तलावाच्या त्याच जागी उभे राहा. तोवर कारखाने बंद होऊन टोळ्या परतलेल्या असतात. ऑक्टोबरात पाणी पाहिलेली मुलं फडावरून परत आलेली असतात आणि त्यांच्याकडे सांगायला जास्त असतं. ज्या गावी ऊस तोडला तिथे पाणी कुठून येत होतं, कॅनॉल किती रुंद होता, पिण्याचं पाणी आईला किती लांबून आणावं लागत होतं. त्या दिवशी त्यांना फळ्यापाशी बोलवा, बाकी वर्गानं प्रश्न विचारायचे.

दहावीच्या मुलांसाठी हाच अभ्यास पुढे नेता येतो. भूगोलाच्या पुस्तकातल्या 'क्षेत्रभेट' या पाठात मुलं नळदुर्गहून अलिबागला जातात. ते नळदुर्गही बालाघाटातलंच. तिथल्या किल्ल्यात बोरी नदीवर बंधारा घालून त्याच्या पोटात पाणीमहाल बांधलेला आहे. तो दुसऱ्या इब्राहिम आदिलशहाच्या काळातला, सतराव्या शतकाच्या सुरुवातीचा. पाणी अडवणं आणि त्याचं सौंदर्य बघणं, दोन्ही एकाच बांधकामात साधलेलं आहे.

पालकांना दोन शब्द

पालकहो, 'यात काय बघायचं, आपलंच तर आहे' असं मुलाला म्हणू नका. संध्याकाळी ते वही घेऊन तुमच्यासमोर बसेल, तेव्हा दहा मिनिटं द्या. तुमच्या शेतातल्या विहिरीची खोली, बोअरला लागलेले फूट, टँकरसमोर लावलेले नंबर हे सगळं तुम्हाला तोंडपाठ आहे. मुलाच्या 'सांगितलं' या रकान्यात ते जाऊ द्या आणि खाली तुमचं नाव लिहायला सांगा.

सप्टेंबरच्या शेवटच्या आठवड्यातला एक दिवस आजच कॅलेंडरवर खूण करून ठेवा. गावात गाड्या यायच्या आत.